सेल्फ कधी लागतो, कधी नाही: जुन्या गाडीतला क्लच सेफ्टी स्विच आणि त्याची वायरिंग

लक्षण ठरलेलं असतं. क्लच दाबून चावी फिरवली तरी काहीच होत नाही. टक् नाही, घरघर नाही, डॅशबोर्डवरचे दिवे मात्र झक्क पेटलेले. पेडल सोडून पुन्हा जोरात दाबलं, चावी दोन-तीनदा मागेपुढे केली की सेल्फ लागतो, आणि पुढे काही दिवस गाडी निमूट सुरू होत राहते. बिघाड पुन्हा येतो तेव्हा क्लच स्विच, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून पेडलपाशी लावलेला खटका, बदलला जातो. काही महिने बरे जातात आणि परत तेच सुरू होतं. शेवटी कंटाळून कुणीतरी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळतो, वरून टेप गुंडाळतो आणि स्विच ‘डायरेक्ट’ होतो.

स्विच वारंवार जात असेल तर खोट बहुधा त्या स्विचमध्ये नसते. एकतर त्याच्यातून त्याला पेलवणार नाही एवढा करंट जात असतो, नाहीतर पेडलजवळ तो चुकीच्या जागी बसलेला असतो. तार जोडलेली आहे एवढंच सांगणारा मल्टीमीटरचा बीप या दोन्ही गोष्टी झाकून टाकतो, म्हणून इथे बीपवर विसंबायचं नाही.

सर्किट एवढंच आहे

चावीच्या स्टार्ट टर्मिनलपासून सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या लहान टर्मिनलपर्यंत एक वायर जाते. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या मोटरला बॅटरीचा जाड करंट जोडून देणारा विजेचा खटका. जर्मन क्रमांकपद्धतीत या टर्मिनलला 50 म्हणतात. ब्रिटिश लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये ही वायर पांढरी आणि तिच्यावर लाल रेघ, जनरल मोटर्सच्या गाड्यांत जांभळी, जुन्या फोक्सवॅगनमध्ये लाल-काळी. क्लच स्विच हा या वायरीत मध्येच घातलेला एक खटका. पेडल दाबलेलं असेल तरच वाट जोडली जाते.

1960 आणि 70च्या दशकांतल्या मॅन्युअल गाड्यांत हा स्विच बहुतेक वेळा कारखान्यातून आलेलाच नसतो. तो नंतर कुणीतरी टाकलेला असतो: कधी मालकाने, कधी अलार्म बसवणाऱ्याने, कधी दुसऱ्या गाडीची पेडल असेंब्ली बसवताना तिच्यासोबत आलेला. त्यामुळे गाडीचा मूळ वायरिंग डायग्राम इथे उपयोगी पडत नाही. आधी डॅशखाली डोकं घालून ती एक वायर डोळ्यांनी टोकापासून टोकापर्यंत पाहून घ्या. वायर न सोलता नुसती चावून धरणारी निळी किंवा लाल प्लास्टिकची क्लिप वाटेत दिसली, तर पुढचं काही तपासण्याआधी ती काढून नीट जोड करा. अशा क्लिपा तारेतल्या काही पेडी कापतात, उरलेल्या ओल खाऊन हिरव्या पडतात. अर्धे ‘क्लच स्विचचे’ बिघाड मुळात या क्लिपांचे असतात, असं माझं मत आहे.

स्विच का जळतो

सोलेनॉइड सेल्फच्याच पाठीवर बसलेला असेल, तर त्याच्या आत दोन वाइंडिंग असतात. एक प्लंजर (आतला सरकता दांडा) ओढायचं, दुसरं तो धरून ठेवायचं. चावी फिरवल्याच्या पहिल्या क्षणी दोन्हींतून करंट जातो आणि तो सहज 30 ते 40 अँपिअर असू शकतो. मोठ्या सेल्फमध्ये त्याहूनही जास्त. मुख्य काँटॅक्ट जुळले की ओढणाऱ्या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना बॅटरीचाच व्होल्टेज येतो, त्यामुळे ते गप्प होतं आणि धरणाऱ्या वाइंडिंगचे दहा-बारा अँपिअर तेवढे उरतात. पण तो पहिला क्षण क्लच स्विचला प्रत्येक वेळी सोसावा लागतो.

याउलट, सोलेनॉइड बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर वेगळा बसवलेला असेल (जुन्या फोर्ड गाड्यांत आणि ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या सेल्फबरोबर असा असतो), तर तो मोजके अँपिअर घेतो. म्हणून एकच स्विच एका गाडीत वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसरीत दोन-चार महिन्यांत काळा पडतो. ‘माझ्या गाडीत तर हाच स्विच मस्त चालतोय’ हा सल्ला ऐकताना समोरच्याचा सोलेनॉइड कुठे बसलाय ते आधी विचारा.

दुसरं कारण सवयीचं आहे. सोलेनॉइड हे कॉइलच. त्याचा करंट तोडला की क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका उलटा येतो आणि जो काँटॅक्ट आधी उघडतो त्याच्यावर ठिणगी पडते. चावी आधी सोडली तर ती चावीच्या स्विचमध्ये पडते. इंजिन लागलं म्हणताच पाय आधी उचलायची सवय असेल तर ती क्लच स्विचमध्ये पडते, रोज.

बीपवर का विसंबू नये

कंटिन्यूटीला लावलेला मीटर तपासण्यासाठी अगदी नगण्य करंट सोडतो. जळलेल्या काँटॅक्टवर 0.1 ओहमचा अडथळा असला तरी तो खुशाल बीप करतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाही तेवढाच असतो, त्यामुळे ओहमच्या आकड्यातही काही वेगळं दिसत नाही. पण 30 अँपिअरला त्याच 0.1 ओहमवर 3 व्होल्टच्या आसपास खाल्ले जातात. ओढायच्या त्या क्षणी बॅटरीकडे असतात बाराच्या आसपास. त्यातून तीन गेले की सोलेनॉइडला ओढायला काय उरतं?

म्हणून मोजायचं ते लोड असताना. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला येणारी सप्लायची वायर काढून ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक स्विचच्या येणाऱ्या वायरीवर, दुसरं जाणाऱ्या वायरीवर. मदतनिसाने क्लच पूर्ण दाबून चावी फिरवायची. सेल्फ फिरत असताना मीटर 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर स्विच वाटेला लागलाय. आणि सेल्फ लागलाच नाही पण मीटरवर बॅटरीएवढा व्होल्टेज दिसला, तर स्विच उघडाच आहे, पेडल दाबलं तरी जुळत नाहीये. सेल्फही नाही आणि मीटरवर शून्यही, तर वाट दुसरीकडे कुठेतरी तुटली आहे: आधी स्विचच्या अलीकडे व्होल्टेज पोचतोय का बघा, मग पलीकडे.

नंतर हाच मीटर बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलपर्यंत लावा. आता चावी, स्विच, सगळे जोड आणि वायर यांनी मिळून खाल्लेला व्होल्टेज दिसेल. एक व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. दोनच्या पुढे गेला तर एकेका टप्प्यावर मोजत जा, चोर आपोआप सापडतो. बॅटरीच्या खांबांवरच सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली आकडा जात असेल, तर क्लच स्विचला तूर्त सोडा आणि आधी बॅटरी आणि अर्थच्या जाड केबलीकडे बघा.

अधूनमधून येणारा, हजर केलं की गायब होणारा बिघाड पकडायला बल्ब मीटरपेक्षा बरा. सोलेनॉइडची लहान वायर काढा आणि तिच्या टोकाला हेडलाइटचा 12 व्होल्ट 55 वॅटचा बल्ब लावून दुसरं टोक अर्थला द्या. तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. सेल्फ फिरणार नाही, त्यामुळे मदतनीस चावी निवांत धरून ठेवू शकतो. बल्ब पेटलेला असताना वायर हलवा, जोड वाकवा, पेडल शेवटच्या बोटभर अंतरात वरखाली करा. जिथे हात लागला की बल्ब मिचकावतो, तिथे खोट. एका पेडीवर तग धरून असलेला जोड मीटरला फसवू शकतो, 55 वॅटच्या बल्बला नाही.

गरम झाल्यावरच अडते

लांब चालवून थांबलात आणि दहा मिनिटांनी सेल्फ लागत नाही, गार झाल्यावर लागतो. यात भुताटकी नाही. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण 0.39 टक्के वाढतो. एक्झॉस्टच्या शेजारचा सोलेनॉइड 20 अंशांवरून 100 अंशांवर गेला की त्याच्या वाइंडिंगचा रोध जवळपास 30 टक्क्यांनी वाढतो. ओढ तेवढी कमी होते, आणि वायरीत आधीच खाल्ला जाणारा व्होल्टेज आता निर्णायक ठरतो. जुन्या बीटलमध्ये हे विशेष जाणवतं, कारण तिथे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही मागे, चावी पुढे, आणि स्टार्टची वायर गाडीची लांबी दोनदा मोजून येते. त्यात क्लच स्विच घातला की आणखी दोन जोड वाढतात. अशा गाडीत रिलेशिवाय, म्हणजे लहान करंटवर मोठा करंट जोडून देणाऱ्या विजेच्या खटक्याशिवाय, हा स्विच टाकूच नये.

कोणता स्विच आणि कुठे

डोक्याला सगळ्यात जास्त ताप इथे होतो. पाकिटावर ‘नॉर्मली ओपन’ किंवा ‘नॉर्मली क्लोज्ड’ लिहिलेलं असतं ते स्विच हातात असतानाचं, म्हणजे त्याचा प्लंजर (दाबला जाणारा दट्ट्या) मोकळा असतानाचं: ओपन म्हणजे तेव्हा वाट तुटलेली, क्लोज्ड म्हणजे जोडलेली. गाडीत बसल्यावर चित्र उलटू शकतं. पेडलच्या वरच्या थांब्यापाशी स्विच लावला, तर पाय नसताना पेडल प्लंजरला दाबून धरतं आणि क्लच दाबला की प्लंजर मोकळा होतो. तिथे सेल्फसाठी नॉर्मली क्लोज्ड लागतो. पेडलच्या खालच्या टोकाला, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्यावर पेडल येऊन टेकतं तिथे लावला, तर नॉर्मली ओपन.

वरचा स्विच बसवायला सोपा, म्हणून बहुतेक जण तोच लावतात. मला तो पटत नाही. पेडल जेमतेम बोटभर हललं की तो जुळतो. क्लच तोवर सुटलेलाच नसतो. म्हणजे गिअरमध्ये गाडी, पायाचा नुसता भार पेडलवर, चावी फिरवली की गाडीची पुढे उडी. शिवाय पेडलवर प्लंजरसमोर बसणारी रबरी किंवा प्लास्टिकची गुंडी जुनी झाली की भुगा होऊन पडते, प्लंजर त्या भोकातून पार जातो, आणि स्विचला पेडल कायमचं दाबलेलं वाटतं. गाडी अचानक क्लचशिवाय सेल्फ घ्यायला लागली आणि पेडलखाली प्लास्टिकचे तुकडे सापडले, तर दुसरं काही शोधू नका.

खालच्या स्विचची जागा अंदाजाने ठरवू नका. चालवणाऱ्या चाकांपैकी एकच चाक जॅकने उचला, खाली भक्कम टेकू द्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा. इंजिन बंद, पहिला गिअर. उचललेलं चाक हाताने फिरवायला जा: क्लच न दाबता ते इंजिनला घेऊन फिरतं, म्हणून जड जातं. आता मदतनीस पेडल हळूहळू दाबत जाईल. चाक मोकळं झालं त्या क्षणी पेडल फरशीपासून किती उंच आहे ते मोजा. स्विच त्याच्याही खाली, थोडं अंतर राखून जुळला पाहिजे. पण पेडल तळाला टेकण्याच्या एक-दीड सेंटिमीटर आधी तो जुळलेला हवा, नाहीतर जाड मॅट किंवा गोळा झालेलं कार्पेट पेडलला तेवढ्यासाठी अडवतं. ‘पुन्हा जोरात दाबलं की लागतो’ या लक्षणामागे कितीदा तरी नुसती मॅट असते.

पेडलला स्वतःचा पक्का थांबा असू द्या. स्विच हा थांबा नाही. पेडलच्या तरफेतून येणारा पायाचा जोर प्लास्टिकची बॉडी चार दिवसांत चिरडतो, म्हणून पेडल थांब्याला टेकल्यावरही प्लंजरला दोन-तीन मिलिमीटर जागा शिल्लक हवी. ब्रॅकेट निदान 2 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचं करा आणि लॉकनट आवळा. पातळ पट्टी वाकते, फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधला, पत्राही पायाखाली थोडा वाकतोच, आणि अॅडजस्टमेंट बदलत राहते. पेडलच्या पिनेचं बुश झिजून पेडल डावी-उजवीकडे डुलत असेल तर आधी बुश बदला.

स्विच पेडल बघतो, क्लच नाही, हेही ध्यानात असू द्या. पेडलचा जोर तेलाच्या दाबाने क्लचला पोचवणारा मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर पेडल तळाला जाईल, स्विच आनंदाने जुळेल आणि क्लच मात्र सुटलेला नसेल.

रिले लावूनच वायरिंग

सोलेनॉइडचा करंट रिलेने वाहायचा, क्लच स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची. ती कॉइल 0.15 ते 0.2 अँपिअर घेते, तेवढ्यात स्विचचे काँटॅक्ट जळण्याचं कारण उरत नाही. साधा 40 अँपिअरचा गाडीचा रिले पुरतो. चावीच्या स्टार्ट टर्मिनलकडून निघालेली वायर 3 अँपिअरच्या फ्यूजमधून क्लच स्विचला, तिथून रिलेच्या 86 ला (हे आकडे रिलेच्या पायांपाशी छापलेले असतात; 85 आणि 86 कॉइलचे, 30 आणि 87 काँटॅक्टचे). 85 स्वच्छ, रंग खरवडलेल्या धातूवर अर्थ. 30 ला बॅटरीकडून किंवा सेल्फच्या जाड बोल्टवरून थेट वायर, तिच्या सुरुवातीलाच 30 अँपिअरचा फ्यूज, कारण ही वायर कायम जिवंत असते. 87 वरून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला. 30 आणि 87 च्या वायरी 4 चौरस मिलिमीटरच्या, कॉइलकडच्या 1 च्या पुरेत. रिले एक्झॉस्टपासून दूर आणि पाय खाली करून बसवा, म्हणजे आत पाणी साठत नाही. चावीच्या स्विचचंही आयुष्य यात वाढतं.

क्लच स्विच कॉइलच्या अर्थच्या बाजूला घालावा असं पुष्कळ जण सुचवतात, आणि त्यात एक वायर वाचते हे खरं. पण विचार करा: डॅशखाली ती वायर घासून पत्र्याला लागली की रिलेला अर्थ मिळालाच. स्विच असून नसल्यासारखा, आणि कळणारही नाही. प्लसच्या बाजूला ठेवला तर तशाच घासण्याने 3 अँपिअरचा फ्यूज उडतो, सेल्फ लागत नाही आणि बिघाड लगेच उघडा पडतो. सुरक्षेच्या खटक्याने बिघडायचंच असेल तर गाडी अडवून बिघडावं. म्हणून मी प्लसच्याच बाजूला घालतो.

रिलेत आतून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर 86 ला प्लसच हवा, उलटा लावला की फ्यूज उडतो. रोध लावलेल्या रिलेला दिशा नसते. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत यावर हमखास अडखळायला होतं: तिथे बॉडीच प्लस असते, म्हणून डायोडवाल्या रिलेत 86 बॉडीला आणि चावीकडची वायर 85 ला. 6 व्होल्टच्या गाडीत 6 व्होल्टचाच रिले, 12 चा उचलणारच नाही.

नवाच त्रास: इंजिन लागलं तरी सेल्फ फिरतच राहतो

रिले बसवल्यावर काही गाड्यांत हे सुरू होतं आणि लोक रिलेला शिव्या घालतात. कारण बहुधा बॅलास्टमध्ये असतं. इग्निशन कॉइलला बॅलास्ट रोध, म्हणजे एरवी तिचा व्होल्टेज कमी ठेवणारा रोध, असेल तर सेल्फ फिरताना तो टाळून कॉइलला पूर्ण व्होल्टेज देणारी एक वेगळी वायर असते. ती सोलेनॉइडच्या स्वतंत्र टर्मिनलवरून यायला हवी. कुणीतरी ती सोयीसाठी स्टार्टच्याच वायरीला जोडलेली असते. मग चावी मागे आली तरी इग्निशन कॉइलच्या बाजूने व्होल्टेज उलटा येऊन रिलेच्या कॉइलला पोचतो. 12 व्होल्टचा रिले उचलायला सात-आठ व्होल्ट लागतात, पण एकदा उचलला की दोन-तीनवरही तो धरून बसू शकतो. पूर्वी दहा-बारा अँपिअर मागणाऱ्या सोलेनॉइडला तेवढा गळका करंट धरता येत नव्हता, रिलेला येतो. उपाय म्हणजे ती वायर सोलेनॉइडच्या स्वतंत्र टर्मिनलवर नेणं. ते टर्मिनल नसेल तर त्या वायरीत 6 अँपिअरचा डायोड घालायचा, निगेटिव्ह अर्थच्या गाडीत त्याची पट्टीची बाजू इग्निशन कॉइलकडे.

रिले नुसता कडकड वाजत असेल तर बॅटरी किंवा तिच्या केबली बघा. रिले टक् करतो पण सोलेनॉइड नाही, तर 30 कडचा फ्यूज किंवा 87 ची वायर. सोलेनॉइड ठणकन वाजतो पण सेल्फ फिरत नाही, तर क्लच स्विचपर्यंत येण्याची गरजच नाही, बिघाड जाड केबलीत किंवा सेल्फमध्ये आहे.

तपासताना

स्विच तात्पुरता डायरेक्ट करून पाहणं ही रास्त चाचणी आहे, पण वायरचा तुकडा काढून मगच डॅश बंद करा. बॉनेटखाली वाकून सोलेनॉइडचे टर्मिनल स्क्रूड्रायव्हरने जोडायचे असतील तर गिअर स्वतःच्या हाताने न्यूट्रलला आहे का ते हलवून पाहा आणि गाडीच्या समोर उभे राहू नका. त्या जुगाडात क्लच स्विच, रिले, चावी, सगळंच बाजूला पडतं आणि गिअरमधली गाडी अंगावर येते. माणसं अशी मेलेली आहेत.

काम झाल्यावर गिअर न्यूट्रलमध्येच ठेवून बघा. पेडल वर असताना चावी फिरवली की शांतता हवी, अर्ध्यावर असतानाही शांतता, पूर्ण दाबल्यावर सेल्फ. सेल्फ फिरत असताना पेडल सोडलं की तो लगेच थांबला पाहिजे. क्लच प्लेट किंवा केबल बदलली, फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) नव्याने लावला, की चाक उचलून केलेलं मोजमाप पुन्हा करा.

चिखलात किंवा चढावर गिअरमध्ये ठेवून सेल्फनेच गाडी हलवावी लागते अशी ज्यांची वापराची तऱ्हा आहे, त्यांनी स्विच डायरेक्ट करण्याऐवजी त्याच्या समांतर एक बटण लावावं. टोयोटाने आपल्या काही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत नेमकं याचसाठी डॅशवर क्लच स्टार्ट कॅन्सलचं बटण दिलेलं आहे. आपण लावताना ते दाबून धरलं तरच चालणारं घ्या, एकदा दाबून चालूच राहणारं नको, आणि गुडघा चुकून लागणार नाही अशा जागी बसवा. रिलेची कॉइलच चालवायची असल्याने कुठलंही लहान बटण पुरतं.